वास्कोतलं रंगाचं दुकान आणि १९६१ ची राखाडी

आधीच सांगून टाकते, दुकानाचं नाव लिहिणार नाहीये. मालकानेच हात जोडले, म्हणाला बाय, नाव घालू नको, उद्यापासून शंभर मिलीच्या गिऱ्हाइकांची रांग लागली तर गॅरेजवाले माझ्या डोक्यावर बसतील. तर वास्कोत, बाजाराच्या मागच्या अंगाला, गाड्यांचे रंग मिक्स करून देणारं दुकान, एवढंच. कुठल्याही डेंटिंग-पेंटिंगवाल्याला विचारा मॅचिंग कुणाकडे करतोस, तो बरोबर तिकडे बोट दाखवेल. पाचातले साडेचार स्टार देते मी, अर्धा का कापला तेही पुढे येईल.

काम असं होतं. आमच्या वाड्यावरच्या सार्वजनिक गणपतीचा यंदाचा देखावा होता मुरगाव बंदर, १८ डिसेंबर १९६१. दरवर्षी तेच केदारनाथ नि तेच चांद्रयान बघून कंटाळा आलेला म्हणून मीटिंगमध्ये मी बोलून गेले की अरे आपल्या गच्चीवरून जे बंदर दिसतं तिथे आरमारी लढाई झालीये, ती करूया की, आणि झालं, जो बोलला त्याच्याच गळ्यात घंटा, तिन्ही बोटी माझ्याकडे. मी लग्नाआधी एका बोटी बांधायच्या यार्डात ड्राफ्टिंगला होते त्यामुळे जमणार नाही म्हणायलाही तोंड नव्हतं.

तीन बोटी म्हणजे आपल्या बेतवा आणि बियास, आणि समोर पोर्तुगीजांची अफोन्सो द आल्बुकर्क. यातली गंमत मला ड्रॉइंग शोधताना कळली, तिघींचं माहेर एकच, इंग्लंडातल्या टाइन नदीचा काठ. आल्बुकर्क १९३४ मध्ये पाण्यात उतरली, बेतवा नि बियास नौदलात आल्या १९६० मध्ये. म्हणजे एक सव्वीस-सत्तावीस वर्षांची जुनी खोड आणि दोन कोऱ्या करकरीत, एकाच गावच्या, आणि भेट झाली ती आमच्या मुरगावात तोफा रोखून. तिच्यावर १२० मिलिमीटरच्या चार तोफा, आपल्यांवर साडेचार इंची. भर दुपारी गोळीबार, पोर्तुगीज कॅप्टन आरागांव जखमी, आणि शेवटी आल्बुकर्क बांबोळीच्या बाजूला किनाऱ्यावर चढली ती चढलीच. दुसऱ्या दिवशी गोवा मोकळा. तिन्ही बोटी शंभर मीटरच्या आसपास आहेत, म्हणून मी सरळ एकास शंभर माप धरलं, प्रत्येकी मीटरभर. खालचा भाग मरीन प्लाय, वरचं सगळं सनबोर्ड म्हणजे फोमचा प्लास्टिक पुठ्ठा, तोफांच्या नळ्या छत्रीच्या काड्यांच्या. इथवर सगळं माझ्या हातातलं.

मग आला रंग. आमचे खजिनदार म्हणाले, ताई, राखाडी ती राखाडी, हार्डवेअरमधून लिटरभर आणा नि मारा. खरं सांगू का, त्यांचं ऐकलं असतं तर वेळ वाचला असता, पण मला ते पटेना, कारण तिन्ही बोटी एकाच डब्यातून रंगवल्या तर लांबून बघणाऱ्याला आपली कोणती नि त्यांची कोणती ते काय कळणार, आणि मुळात त्या एकसारख्या नव्हत्याच ना.

तर आधी मी जो शहाणपणा केला तो सांगते, म्हणजे दुसरं कोणी करणार नाही. ऑनलाइन एक परदेशी सेट मागवला, 'ब्रिटिश नौदलाचे अस्सल रंग' असा, सहा इवल्याशा बाटल्या, ड्यूटी धरून साडेतीन हजार, तेही स्वतःच्या पर्समधून कारण खजिनदारांना सांगायची हिंमत नव्हती. कंपनीचं नाव जाऊ दे. एक बाटली आतून दगड झालेली. ते एक वेळ चाललं असतं, पण खरी गोम वेगळीच निघाली. ब्रिटिश नौदलात रंगांना ॲडमिरल्टी पॅटर्नचे नंबर असायचे, ॲडमिरल्टी म्हणजे त्यांच्या आरमाराचा कारभार बघणारं खातं. ५०७ए म्हणजे गडद राखाडी, उत्तरेच्या ढगाळ समुद्रातल्या होम फ्लीटसाठी, म्हणजे मायदेशच्या ताफ्यासाठी. ५०७सी म्हणजे फिकी, भूमध्य समुद्र नि पूर्वेकडच्या उन्हातल्या जहाजांसाठी. मधली ५०७बी ही मॉडेलवाल्यांनी कित्येक वर्षं मधली छटाच धरली, ए बी सी म्हटल्यावर मधलं मध्यमच असणार असं कोणालाही वाटेल. पण मूळ कृती तपासल्या तेव्हा लक्षात आलं की बी म्हणजे ए-च आहे, रंगद्रव्य तेच, फक्त त्यात इनॅमल घालून चकाकी आणलेली. छटा नाही बदलली, चमक बदलली. आणि माझ्या साडेतीन हजारांच्या सेटमध्ये काय, तर ए गडद, बी मध्यम, सी फिकी, जिन्यासारख्या तीन पायऱ्या! अस्सल म्हणे. मी मेल टाकला, त्याचं उत्तर अजून समुद्रातच आहे.

मग बोगमाळो रस्त्यावरच्या नौदलाच्या विमान संग्रहालयात गेले, म्हटलं तिथे काही राखाडी प्रत्यक्ष बघू, पोरगाही रिकामाच होता. विमानं बघून तो खूष, मी मात्र तशीच परत. कारण उघड्यावर आपल्या पावसात उभी असलेली कुठलीही वस्तू दर काही वर्षांनी रंगवावीच लागते, आणि प्रत्येक वेळी रंगवणारा त्या दिवशी मिळालेल्या डब्यातून रंगवतो, त्यामुळे आपण जे बघतो ती शेवटच्या पेंटरची निवड. संग्रहालयाचा दोष नाही तो, पण माझं काम त्याने भागणार नव्हतं.

तर अशी फिरून फिरून दुकानात पोचले. सोबत त्या सेटमधली फिक्या राखाडीची बाटली, आणि जुन्या फोटोंचे प्रिंट. काउंटरवर मालक, साठीच्या पुढचा, चष्मा कपाळावर, गॅरेजची पोरं त्याला पात्रांव, म्हणजे मालक, म्हणतात म्हणून मीही पात्रांवच म्हणायला लागले. फोटो दाखवले तर हातातच घेईना. म्हणाला, काळ्या-पांढऱ्या फोटोवरून रंग? फोटो बाजूला ठेव, बाय. मग तीन प्रश्न विचारले, एक, बोट तेव्हा किती वर्षांची होती, दोन, कुठल्या उन्हात उभी, तीन, तुझे लोक ती कुठल्या लाईटखाली नि किती लांबून बघणार. बस. साडेतीन हजारांच्या सेटने यातला एकही प्रश्न विचारला नव्हता हो.

फोटोबद्दल तो अगदी बरोबर होता. जुन्या काळच्या ऑर्थोक्रोमॅटिक फिल्मला लाल दिसायचाच नाही, म्हणजे तांबडा भाग काळा यायचा आणि निळा नको इतका पांढरट. पहिल्या महायुद्धातल्या जहाजांचे फोटो बघून लोकांनी छटा ठरवल्या त्यातल्या कितीतरी म्हणूनच गंडल्या. १९६१ पर्यंत फिल्म सुधारली होती, पण मग डार्करूमवाल्याने प्रिंट किती काळा केला, छापताना शाई किती ओतली, ऊन कुठल्या बाजूने होतं, सगळं त्या एका करड्या ठिपक्यात मिसळलेलं. फोटोवरून कुठला भाग कुठल्यापेक्षा गडद एवढं कळतं, नेमका रंग नाही कळत. मी डेकचा नि हलचा, म्हणजे बोटीच्या बाहेरच्या अंगाचा, फरक फोटोवरून घेतला, बाकी सोडून दिलं.

आता मला जिथे खरोखर मजा आली ते. पात्रांवने खालच्या खणातून एक जुनं, कोपरे दुमडलेलं शेडकार्ड काढलं आणि म्हणाला, तुला डीए पाहिजे की लाईट ॲडमिरल्टी? मी बघतच राहिले. आपल्याकडे लेथ मशीनला, पंपाला, वर्कशॉपच्या कपाटांना जी काळपट राखाडी मारतात तिला सगळे डीए ग्रे म्हणतात, मीही यार्डात असताना हजार वेळा म्हटलंय, पण डीए म्हणजे डार्क ॲडमिरल्टी, ब्रिटिश आरमाराची गडद राखाडी, हे कधी डोक्यातच आलं नव्हतं! आपल्या रंगांचं जे भारतीय मानक आहे, आयएस ५, त्यात ब्रिटिश मानकातलेच नंबर तसेच उतरलेत, ६३२ म्हणजे डार्क ॲडमिरल्टी ग्रे आणि ६९७ म्हणजे लाईट ॲडमिरल्टी ग्रे. म्हणजे मी जगभर शोधत होते ते कुळ आमच्या गल्लीतल्या पिठाच्या गिरणीच्या मोटरवर बसलेलं. इंग्रज गेला, आरमार गेलं, राखाडी राहिली.

आपल्या दोन बोटी नव्या, ब्रिटिश रिवाजाच्या, आपल्या उन्हातल्या, म्हणून त्यांच्यासाठी ६९७ हा पाया धरायचा असं आमचं ठरलं. आल्बुकर्कसाठी तोच पाया पण जरा उबदार, मळलेला, पावसापाण्याने विटलेला. हा आमचा निवाडा आहे, कुणाकडे वेगळा पुरावा असेल तर मंडळाच्या पेटीत चिठ्ठी टाका.

मग मी विचारलं की खऱ्या जहाजाचा मूळ रंग शोधायचा तर लोक काय करतात, तर पात्रांव उठला नि मला मागे घेऊन गेला. तिथे एका जुन्या टॅक्सीचा दरवाजा पडलेला. त्याने पॉलिश पेपर घेऊन एका जागी गोल गोल घासलं, मधे खोल, कडेला उथळ, आणि झाडाच्या बुंध्यासारखी वर्तुळं उमटली. वर पांढरा, त्याखाली पिवळा, मग काळा, मग अस्तराचा रेड ऑक्साईड, मधे पत्रा चमकतोय. म्हणाला, ही गाडी आधी काळी-पिवळी होती, मालकाने मला सांगितलं नव्हतं, दरवाजाने सांगितलं.

हीच रीत आहे. इंग्लंडात पोर्ट्समथला ब्रिटिश ॲडमिरल नेल्सनची युद्धनौका व्हिक्टरी उभी आहे, १८०५ च्या ट्रफाल्गरच्या लढाईतली, आपण चित्रात बघतो ती काळे नि गडद पिवळे पट्टेवाली. तिच्या रंगाचे कण लिंकन विद्यापीठाच्या लोकांनी तपासले, बहात्तर थर निघाले, बहात्तर! आणि ट्रफाल्गरच्या वेळचा थर गाठला तेव्हा कळलं की तो पिवळा नव्हताच, फिका साय-रंगाचा होता. २०१५ मध्ये जहाज त्या रंगात रंगवलं तर माणसं हळहळली की हे काय, आमची व्हिक्टरी अशी नव्हती. माणसाला बालपणी बघितलेलं तेच मूळ वाटतं.

यावर माझ्या सासूबाई (त्या सगळं ऐकत असतात) म्हणाल्या, म्हणजे वणीच्या देवीसारखं. अगदी बरोबर. सप्तशृंगीच्या मूर्तीवरचा वर्षानुवर्षांचा शेंदराचा लेप २०२२ मध्ये उतरवला तेव्हा आतलं मूळ रूप बघून लोकांना आधी ओळखताच येईना. आणि शेंदूर म्हणजे तरी काय, अस्सल शेंदूर हे शिशाचं तांबडं ऑक्साईड, आणि जुन्या पोलादी जहाजांना गंज लागू नये म्हणून पहिला हात त्याचाच असायचा, रेड लेड. म्हणजे मारुतीच्या नि युद्धनौकेच्या अंगावरचा पहिला रंग एकच की. आता विषारी म्हणून शिसं बंद झालं, पात्रांवकडे मागितलं तर ओरडलाच, साधं रेड ऑक्साईड ने म्हणाला.

आणखी एक सांगते मग दुकानाकडे वळते. स्टॉकहोमचं वासा नावाचं जहाज १६२८ मध्ये पहिल्याच सफरीत बुडालं आणि वर काढलं १९६१ मध्ये, बघा, आमचंच वर्ष. सुरुवातीला सगळ्यांची समजूत की निळ्या पार्श्वभूमीवर सोनेरी कोरीव काम, एकदम राजेशाही. मग त्या शेकडो कोरीव मूर्तींच्या खाचांत अडकलेले रंगाचे कण तपासले तर पार्श्वभूमी निघाली लाल आणि मूर्ती रंगीबेरंगी, गाल गुलाबी, कपडे हिरवे-निळे, आपल्याकडच्या रंगवलेल्या देवळी पालखीसारखं भडक. सोबर वगैरे आपण नंतर झालो.

तर मशीन. दुकानात गाड्यांच्या कंपन्या वापरतात तसलं टिंटिंग मशीन आहे, पांढरा बेस घ्यायचा आणि त्यात थेंबाथेंबाने टिंट, तराजू दशांश ग्रॅमपर्यंत. आणि हातात धरायचं एक यंत्र, रंगावर टेकवलं की तीन आकडे देतं, किती उजळ, लालकडे की हिरव्याकडे, पिवळ्याकडे की निळ्याकडे. मी त्या परदेशी बाटलीतला रंग पुठ्ठ्यावर मारून नेला होता, यंत्र लावलं तर तो चक्क हिरवटाकडे झुकलेला निघाला. पात्रांवने मान हलवली, म्हणाला कुठल्या तरी जुन्या पिवळ्या पडलेल्या कार्डावरून मॅच केलाय यांनी. हे मला नंतर वाचूनही पटलं, जवसाच्या तेलातला रंग अंधारात बंद ठेवला की पिवळा पडतो, आणि जुनी शेडकार्डं तर फायलींच्या आतच असतात. मूळ राखाडीत निळसर झाक असली तर तेल पिवळं पडून ती हिरवट दिसायला लागते, आणि आपण समजतो की आरमाराला हिरवट राखाडी आवडायची.

पांढरा बेस आणि टिंट ही आयडिया मला वाटलं गाड्यांच्या कंपन्यांची, तर नाही, अमेरिकन नौदलाने १९४१ मध्येच ही पद्धत आणलेली. पांढऱ्या रंगाचे डबे आणि एक निळसर-जांभळी पेस्ट, ५-टीएम, तीच पेस्ट कमी घातली की हेझ ग्रे, जास्त घातली की ओशन ग्रे, दाबून घातली की गडद निळा. गोदामात दहा रंग साठवायला नकोत. पण मिसळणार कोण, तर डेकवरचा एखादा खलाशी, डोलणाऱ्या बोटीवर, बादलीत काठी फिरवत. मग दोन बोटींची हेझ ग्रे तंतोतंत एक कशी येणार? त्यामुळे जे लोक मॉडेलच्या रंगावरून अर्धा अर्धा तास भांडतात त्यांचं मला आता हसू येतं. कागदावर छटा एक, बादलीत दुसरी, सहा महिन्यांच्या उन्हाने तिसरी.

आता तो कापलेला अर्धा स्टार. पहिला लॉट पात्रांवने नाही, त्याच्या हाताखालच्या पोराने केला, कारण पात्रांव जेवायला गेलेला. यंत्राने दिलेला फॉर्म्युला होता तो, त्यात काळा, थोडा पिवळा, थोडा रेड ऑक्साईड, थोडा निळा असं चार-पाच टिंटांचं कडबोळं. दुकानात ट्यूबलाईटखाली फर्स्ट क्लास, तंतोतंत. घरी नेऊन बेतवाला दोन हात दिले, रात्री मंडपात ठेवली, पोरांनी ते पिवळे एलईडी फोकस लावले आणि माझी बेतवा गुलाबी! गुलाबी म्हणजे अगदी लग्नातल्या पंख्यासारखी नाही, पण डोळ्याला कळेल इतपत. खजिनदार हसून हसून खाली बसले.

गमतीचा भाग हा की युद्धात खरोखरचा गुलाबी रंग होता. आपले शेवटचे व्हाइसरॉय माउंटबॅटन, ते १९४० मध्ये विनाशिकांच्या ताफ्याचे प्रमुख असताना त्यांच्या लक्षात आलं की यूनियन-कॅसल कंपनीचं फिक्या जांभळट रंगाचं एक जहाज संध्याकाळी बाकीच्यांच्या आधी दिसेनासं होतं, म्हणून त्यांनी राखाडीत तांबडी माती मिसळून आपल्या बोटी गुलाबी करून टाकल्या, माउंटबॅटन पिंक. पहाटे-संध्याकाळी बरा, भर दुपारी उलट उठून दिसायचा. तर मी दुसऱ्या दिवशी बेतवाचा एक तुकडा घेऊन गेले आणि पात्रांवला म्हटलं, माउंटबॅटन झालाय याचा.

त्याने पोराला काय ऐकवलं ते इथे लिहीत नाही. पण मला जे समजावलं ते सोन्यासारखं होतं. तुकडा माझ्या हातात देऊन म्हणाला, भायर वतांत पळय, म्हणजे बाहेर उन्हात बघ. बाहेर उन्हात ठीक. आत ट्यूबखाली ठीक. मग त्याने मोबाईलचा टॉर्च पुढे पिवळ्या प्लास्टिकचा तुकडा धरून मारला तर गुलाबी. चार परस्परविरोधी रंग मिसळून केलेली राखाडी लाईटप्रमाणे पलटते म्हणाला, एका उजेडात लाल वर येतो, दुसऱ्यात निळा. काळा, पांढरा आणि अगदी थेंबभर निळा, एवढ्यावर केलेली राखाडी जागची हलत नाही. उजेडाप्रमाणे पलटण्याच्या या प्रकाराला इंग्रजीत मेटामेरिझम म्हणतात, आणि जहाजांचे रंग शोधणाऱ्यांची हीच डोकेदुखी असते, मूळ रंगात जी द्रव्यं होती ती न वापरता नुसता आकडा जुळवला की एका उजेडात जुळतो नि दुसऱ्यात तोंड फिरवतो. दुसरा लॉट त्याने स्वतः केला, तीनच टिंट, आणि दर वेळी डबा घेऊन बाहेर उन्हात, आत, पिवळ्या दिव्याखाली असा फेऱ्या मारत. अर्धा तास. गॅरेजवाली दोन पोरं मागे खोळंबलेली, त्यांना बस म्हणाला. मात्र पहिल्या लॉटचे पैसे परत मिळाले नाहीत, दुसरा अर्ध्या दरात दिला. चूक त्यांची होती तर पूर्ण माफ करायला हवं होतं असं माझं मत, म्हणून अर्धा स्टार गेला.

चमक. गाडीचा रंग म्हणजे चकाकणार, आणि चकाकणारी युद्धनौका खेळण्यासारखी दिसते. शिवाय तोच रंग चकचकीत असला की जास्त गडद वाटतो, मॅट असला की फिका, म्हणजे ते ५०७ए-बीचं प्रकरण माझ्या बोटीवरच मला दिसलं. पात्रांवने मॅटिंग पेस्ट घालून दिली, पूर्ण मॅट नको म्हणाला, अंड्याच्या कवचाइतकी चमक ठेव, कारण आरमारातली माणसं बोट धुऊन पुसून ठेवतात. हे मला पटलं.

आणि छटा किंचित उजळ घेतली मुद्दाम. माझं गणित असं की मंडपात लोक दहा फुटांवरून बघणार, एकास शंभरने ते झाले हजार फूट, म्हणजे खऱ्या बोटीपासून तीनशे मीटर. एवढ्या अंतरावर मधल्या हवेने, आणि आमच्या बंदरावर तर धुरळ्यानेही, रंग फिकट दिसतोच. काही मॉडेलवाले याला थोतांड म्हणतात, रंग तो रंग म्हणतात. म्हणू देत. दोन्ही करून बघितलं, कार्डावरच्या नंबराने रंगवलेली बियास मंडपात कोळशाच्या बार्जसारखी दिसत होती, म्हणून तिला परत एक हात दिला.

काही सटरफटर सूचना, जाणाऱ्यांसाठी. दुकान दुपारी एक ते चार बंद, बेल वाजवू नका. सप्ताहाच्या दिवसांत जाऊच नका, गाडी लावायला जागा नाही आणि पात्रांव भजनाला. कमीत कमी शंभर मिली, मला साधारण दोनशे रुपये पडले, मॅटिंगचे वेगळे. सनबोर्डवर एनसी (गाड्यांचा, थिनरमधला नायट्रोसेल्युलोज) रंग थेट मारू नका, थिनरने सनबोर्ड सुरकुततो, आधी पाण्याच्या प्रायमरचे दोन हात द्या. आणि थर्मोकोलच्या जवळपास तर स्प्रे नेऊच नका, आमच्या पोरांनी मुरगावच्या किल्ल्याचा डोंगर थर्मोकोलचा केलेला, त्यावर उत्साहाने स्प्रे मारला आणि डोंगर डोळ्यांदेखत विरघळून खड्डा झाला. पावसाळ्यात दोन हातांच्या मध्ये आख्खा दिवस जाऊ द्या, डब्यावर चार तास लिहिलंय ते आपल्या श्रावणाला माहीत नसतं. वॉटरलाईनचा काळा पट्टा मास्किंग टेपने, टेप ओला रंग असतानाच काढा. खालचा तांबडा मी रेड ऑक्साईडच वापरला, खऱ्या जहाजाचा तळ तांबडा असतो तो शिंपले चिकटू नयेत म्हणून घातलेल्या तांब्याच्या ऑक्साईडमुळे, आमच्या बोटींना शिंपल्यांचं भय नव्हतं.

चतुर्थीच्या तिसऱ्या दिवशी रात्री पात्रांव आला, बायको नि नातीला घेऊन. आधी गणपतीला नमस्कार, मग देखाव्यापुढे उभा राहिला, चष्मा कपाळावरून खाली आणला. बेतवाकडे बघून मान हलवली. बियासकडे बघून पण हलवली. मी जवळ जाऊन उभी, म्हटलं आता कौतुक करेल. तो आल्बुकर्ककडे बराच वेळ बघत राहिला आणि विचारलं, ही किती वर्षांची म्हणालीस? मी म्हटलं सव्वीस-सत्तावीस. म्हणाला, एवढी वर्षं खाऱ्या पाण्यात आणि नांगराच्या भोकाखाली गंजाचा एक ओघळ नाही?

सकाळी साडेनऊला दुकान उघडायच्या आधीच मी दारात. रेड ऑक्साईड उरलं होतं घरी, पण ते फार लाल, म्हणून त्यात घालायला त्याने थोडा तपकिरी दिला, बाटलीच्या झाकणात मावेल इतका, आणि ओघळ ब्रशने नको, कापडाच्या चिंधीने वरून खाली एकदाच ओढ म्हणाला. त्या झाकणभर तपकिरीचे वीस रुपये घेतले.